मे महिन्यातली माती तपासणी: शोषखड्ड्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

नागपुरात हुडकेश्वर, बेसा, उमरेड रोड या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इकडच्या पुष्कळ लेआउटमध्ये गटारलाइन पोचलेली नाही. सेप्टिक टाकी आणि तिच्यापुढे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा, एवढाच मार्ग उरतो. आम्हाला नेमकं तिथेच लुबाडलं.

ठेकेदाराने माती तपासणारा स्वतःच आणला, तोही भर मे महिन्यात. प्लॉटची काळी माती तडकलेली, भेगांमध्ये हात जाईल एवढी. त्याने गुडघाभर खड्डा खणला, बादलीभर पाणी ओतलं आणि मोबाइलवर वेळ लावली. पाणी बघता बघता गडप. "काकाजी, अशी जमीन नशिबाने मिळते," असं तो बाबांना म्हणाला. मग शिक्का मारलेला अहवाल आला. त्यात मातीचा सामू (पीएच) होता, भारक्षमता होती आणि शेवटी एक ओळ: शोषखड्ड्यास योग्य. भारक्षमता पायासाठी लागते, सामूवरून पाणी मुरण्याचं काहीच कळत नाही. किती मिनिटांत पाणी किती उतरलं, याचा एक आकडाही त्या कागदावर नव्हता.

पावसाळा लागला आणि संडासाचं पाणी उतरेना. टाकी तुडुंब, शोषखड्ड्याच्या कडेने घाण पाणी अंगणात. शेजारच्या काकूंची विहीर तिथून चार पावलांवर. अशा खड्ड्यापासून पिण्याच्या पाण्याची विहीर निदान 18 मीटर लांब हवी, हे ठेकेदाराला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. काकूंनी विहिरीचं पाणी भरणं बंद केलं. आमच्या बुडालेल्या पैशांपेक्षा मला त्याचा राग जास्त आहे.

यातली चलाखी आम्हाला समजावली ती ओळखीतल्या एका निवृत्त ओव्हरसियरकाकांनी. काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जायची वाटच बंद होते. मे महिन्यात ओतलेलं पाणी मुरत नाही, ते भेगांमध्ये पळतं. म्हणूनच आयएस 2470 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात तपासणीची रीत नीट घालून दिली आहे. शोषचर (पाणी मुरवायचा चर) जेवढा खोल जाणार तेवढा खड्डा घ्यायचा, भिंती खरवडून सुटी माती काढायची, तळाला 5 सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाकायची. मग पाणी भरून माती रात्रभर भिजू द्यायची. मोजणी दुसऱ्या दिवशी: खडीच्या वर 15 सेंटिमीटर पाणी ठेवायचं आणि अर्ध्या तासात ते किती उतरतं ते बघायचं. त्यावरून 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात हे काढतात. 60 मिनिटांच्या वर लागत असतील तर त्या जमिनीत शोषखड्डा चालत नाही.

काकांनी आमच्याकडे याच रीतीने तपासलं. अर्ध्या तासाने पट्टीवरची पाण्याची खूण जवळपास होती तिथेच. खाली मुरूम किती खोलीवर आहे, हेसुद्धा पहिल्या माणसाने पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर खड्ड्याचं काम हातचं गेलं असतं. तपासणारा आणि खड्डा बांधणारा एकाच साखळीतले असले की 'योग्य नाही' असा अहवाल येणार कुठून?

ठेकेदाराचं उत्तर काय, तर वेगळे पैसे द्या, खड्डा मोठा करून देतो. वर टाकीत माणूस उतरवून गाळ काढायची तयारी! ते आम्ही साफ नाकारलं. सेप्टिक टाकीत माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि टाकीतल्या वायूने माणसं मरतात. टँकर बोलावून पंपानेच उपसा करा.

अशा चिकण जमिनीसाठी टाकीपुढे खडीचा अपफ्लो फिल्टर बांधता येतो, त्यात पाणी खालून वर खडीतून जातं. मात्र त्यातून निघालेलं पाणी कुठे सोडायचं, हे बांधकामाआधीच इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं, तरी यूपीआयच्या नोंदी आणि तो शिक्क्याचा अहवाल जोडता आला. तुमच्या घरी असा अहवाल पडून असेल तर आजच काढून बघा, रात्रभर माती भिजवल्याची नोंद त्यात आहे का. नसेल तर खड्ड्याचे पैसे देण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या, आणि ती ठेकेदाराशी संबंध नसलेल्या माणसाकडूनच.