जुनं शेणखत पसरणी यंत्र : नऊ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत जुनं शेणखत पसरणी यंत्र ८५ हजारांना घेतलं. दोन टनी ट्रॉली, तळाला खत मागे सरकवणारी साखळी, मागे खत फोडून फेकणारे दोन उभे फिरते बीटर, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर (पीटीओ) चालणारं. रान वाळवा तालुक्यात, साडेपाच एकर, ऊस आणि हळद. हळदीला शेणखत लागतंच, पण पाट्यांनी विस्कटायला माणसं मिळता मिळत नाहीत. ढीग आठ-आठ दिवस उन्हात पडायचे, नत्र हवेत उडून जायचं.

घेताना मी रंग बघितला, तळ बघितला नाही. घरी आणल्यावर आबांनी ट्रॉलीखाली झोपून पेचकस टोचला, तो पत्र्यातून आरपार वर आला. शेण-मुतानं पत्रा आतून खाल्लेला, वर ताजा निळा रंग. विकणारा म्हणाला होता दोनच हंगाम चाललंय. साखळीच्या चक्राचे दात करवतीसारखे टोकदार झाले होते. दोन हंगामांत ते तसे होत नाहीत. तळाला १४ हजार, साखळी आणि बेअरिंगला ६ हजार गेले. जुनं घेणार असाल तर आधी ट्रॉलीखाली शिरा, साखळी हातानं ओढून बघा, मग भाव बोला.

पीटीओ शाफ्टवर कव्हर नव्हतं. ते बसवल्याशिवाय मी यंत्र रानात नेलंच नाही. आमच्याकडे कामाला बायका असतात, पदर गुंतायला क्षण पुरतो. बीटरमध्ये काही अडकलं तर ट्रॅक्टर बंद करून, चावी खिशात घालूनच हात घालायचा.

एप्रिलात पहिल्यांदा रानात घातलं. दोन टनांची खेप सात-आठ मिनिटांत रिकामी होते, आणि त्याच दिवशी मागून रोटाव्हेटर फिरवता येतो. भरायला मात्र शेजारच्यांचा लोडर लागतो. लोडर नसेल तर निम्मा फायदा भरण्यातच जातो.

एकरी किती पडतं ते असं काढलं. दहा बाय दहा फुटांची ताडपत्री खुंट्या मारून अंथरली, वरून यंत्र नेलं, पडलेलं खत तोललं. साडेअकरा किलो भरलं. एकरात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे वजनाला ४३५ नं गुणायचं : एकरी पाच टन. मला तेवढंच हवं होतं.

खत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात येते ते वेगळंच, पण त्यातल्या सुतळ्या आणि गोण्या बीटरला गुंडाळून बसतात. दगड आला की टक् आवाज होऊन पिन तुटते, ती ताण आल्यावर तुटण्यासाठीच असते. तुटू द्या. एकदा मिस्त्रीनं कडक बोल्ट घातला, तर पुढच्या दगडाला साखळीची कडीच गेली.

जूनमध्ये पाऊस झाल्यावर उसाच्या रानात नेलं, ती चूक झाली. काळ्या रानात चाकांनी वीतभर चर पाडले, तिथली जमीन अजून घट्ट आहे.

प्रत्येक वापरानंतर पाण्यानं धुऊन, वाळवून जळकं ऑइल लावतो. नव्या तळाला अजून गंज नाही.

आधी ढीग होता तिथे हळद कमरेएवढी आणि मधे गुडघ्याएवढी असायची. यंदा बांधावरून बघितलं तर सगळं रान एका उंचीचं आहे. आबा रोज संध्याकाळी तिथेच जाऊन उभे राहतात.