भुवया उचलायचं ऑपरेशन: टक्कल असलेल्या बाबांसाठी कोणतं निवडलं (पुणे, दोन क्लिनिकचा अनुभव)

आधीच सांगते, बाबांना हिरो बनवायला हे केलं नाही. वय सत्तरीकडे झुकलेलं, भुवया इतक्या खाली उतरलेल्या की बाहेरच्या बाजूला पापणीवर कातडीची घडी पडून डोळ्याचा कोपराच झाकला जायचा आणि स्कूटरवर सिग्नलला थांबले की मान मागे टाकून वरचा दिवा बघायचे. दिवसभर कपाळ वर ताणून ठेवायचे बिचारे, संध्याकाळी हमखास कपाळ दुखतंय म्हणून बाम.

मोतीबिंदूच्या चेकअपला गेलो तेव्हा तिथे कुणीतरी म्हणालं वरच्या पापणीची जादा कातडी काढून टाका, छोटं ऑपरेशन आहे. ते करूनही टाकलं असतं आम्ही, पण ओळखीतल्या एका आय सर्जन ताईंनी थांबवलं, म्हणाल्या आधी भुवई बघून घ्या. मग दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हींची नावं इथे देत नाही, पण काय बघून ठरवलं ते सविस्तर लिहिते कारण मराठीत याबद्दल शोधलं तर नुसत्या जाहिराती येतात.

पहिलं क्लिनिक एकदम चकाचक. कॉफी मशीन, पांढरे सोफे, काउन्सेलर मॅडम टॅब घेऊन समोर बसल्या आणि डॉक्टरांनी बाबांच्या कपाळाला हात लावायच्या आधीच एंडोस्कोपिक ब्रो लिफ्टचं (दुर्बिणीतून भुवया उचलायचं ऑपरेशन) पॅकेज उघडलं, लेटेस्ट टेक्निक, टाके दिसणार नाहीत, ईएमआयची सोय. मी विचारलं टाके कुठे घालणार, तर केसांच्या आत. अहो मॅडम, केस कुठायत?! बाबांनी स्वतःच डोक्यावरून हात फिरवून दाखवला. त्यावर उत्तर आलं की डॉक्टर अॅडजस्ट करतील. डॉक्टर आले, दोन मिनिटं बोलले, मोबाइलवर फोटो काढला, गेले. भिंतीवरचे आधीचे-नंतरचे फोटो नीट बघितले तर बऱ्याच नंतरच्या फोटोत कपाळावर आठ्या होत्या, म्हणजे फोटोतल्या बाईंनी मुद्दाम भुवया वर उचलून धरलेल्या. हे एक लक्षात ठेवा, नंतरच्या फोटोत कपाळ सैल असलं पाहिजे नाहीतर त्या फोटोला काही अर्थ नाही.

आता दुसरं क्लिनिक. जुनी बिल्डिंग, लिफ्ट अरुंद, वेटिंगला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर १७९४ सालच्या त्या कावसजीच्या चित्राची फ्रेम. टिपूच्या लोकांनी नाक कापलेला गाडीवान, ज्याचं नाक पुण्याकडच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून परत बसवलं आणि ती बातमी लंडनच्या मासिकात छापून आली, तोच. बाबांनी ती फ्रेम तीनदा वाचली कारण वेळच तेवढा होता, अपॉइंटमेंट घेऊनही दीड तास बसवलं.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. स्टूल पुढे ओढून बाबांच्या अगदी समोर बसले. काका, डोळे मिटा, कपाळ एकदम सैल सोडा, हां, आता कपाळ न उचलता हळूच डोळे उघडा. आणि दुसऱ्या हाताने कपाळ दाबून धरलं. भुवया एकदम खाली! डोळ्याच्या वरच्या हाडाच्या कडेच्याही खाली. एवढी वर्षं त्या भुवया नुसत्या कपाळाच्या स्नायूच्या जोरावर टिकल्या होत्या. मग बोटाने भुवई जागेवर नेऊन धरली तर पापणीवरची निम्मी घडी आपोआप गायब. म्हणाले बघा, पडद्याची दांडीच खाली घसरलीय, तुम्ही नुसती झालर कापायला निघाला होतात. वर हेही सांगितलं की नुसती पापणी केली असती तर डोळा मोकळा झाल्यावर कपाळाला ताणून धरायची गरज उरत नाही, स्नायू सैल पडतो आणि भुवई आणखी खाली येते. हे ऐकून मी गार.

बाहेरचा कोपरा जास्त का पडतो तेही विचारलं. भुवया वर ओढणारा कपाळाचा स्नायू बाहेरच्या टोकापर्यंत नीट पोचतच नाही म्हणे, आणि डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मात्र तिथे खाली ओढतच असतो.

मग निवड. इथे त्यांनी कागदावर डोकं काढून एकेक रेघ मारली. जुनी पद्धत म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांतून चीर, लिफ्ट चांगली मिळते पण केसांची रेषा मागे जाते आणि डोक्याची कातडी बरेच दिवस बधिर राहते, टक्कल असेल तर ती रेघ जन्मभर डोक्यावर दिसणार. एंडोस्कोपिक म्हणजे केसांत तीन ते पाच छोट्या चिरा, दुर्बिणीतून हाडावरचं आवरण सोडवायचं आणि कपाळ वर नेऊन टाके किंवा विरघळणारे हुक लावून अडकवायचं, नव्वदच्या दशकात आलेली पद्धत आहे, म्हणजे लेटेस्ट वगैरे काही नाही. ती चांगली कुणाला? केस दाट, कपाळ फार उंच नाही, भुवई थोडी-मध्यम उतरलेली अशांना. कपाळ आधीच उंच असेल तर ती आणखी उंच करते, अशा बायकांना मग केसांच्या रेषेलगत चीर घेतात, त्यात कपाळ उलट थोडं कमी करता येतं पण व्रण कपाळाच्या कडेला येतो.

आई शेजारीच होती, तिने लगेच माझंही बघा ना म्हणून भुवया पुढे केल्या. हसले डॉक्टर. काकू, तुमचं फक्त टोक उतरलंय, कधी करावंसंच वाटलं तर कानशिलावर केसांच्या आत छोटी चीर पुरेल, सध्या काही करू नका. बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचं विचारलं तिने (कुठून ऐकते देव जाणे), तर म्हणाले भुवया खाली ओढणाऱ्या स्नायूंना दिलं तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर उचलतात आणि तीन-चार महिन्यांत परत जैसे थे. पेशंट समोर आयता बसलेला असताना नको म्हणणारा डॉक्टर, मला तिथेच पटला माणूस.

बाबांसाठी उरले दोन पर्याय. एक, कपाळाच्या मधल्या खोल आठीत चीर लपवायची. दुसरा डायरेक्ट, म्हणजे भुवईच्या लगेच वर कातडीची लांबट फाक काढून शिवायचं. हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात नेमका, लोकल भूल देऊन होतो, चेहऱ्याचा लकवा होऊन एका बाजूची भुवई पडलेल्यांनाही बऱ्याचदा हाच करतात. तोटा एकच आणि तो मोठा, व्रण समोर चेहऱ्यावर. पण बाबांच्या भुवया म्हणजे झुडुपं, व्रण वरच्या कडेला लपेल असा अंदाज होता. आठीतल्या चिरेपेक्षा हाच बरा असं बाबांनीच ठरवलं. पुरुषाची भुवई सरळ आणि हाडाच्या कडेवरच हवी, बायकांसारखी कमान करून वर नेली की चेहरा कायम दचकल्यासारखा दिसतो, हेही डॉक्टरांनी आपणहून सांगितलं.

आधीच्या टेस्ट: डोळ्यांचं पाणी मोजायची कागदाची पट्टी, कारण डोळा जास्त उघडला की कोरडा पडू शकतो. आणि नजर वर-बाजूला कुठपर्यंत पोचते ते बघणारी, ठिपका दिसला की बटण दाबायची फील्ड टेस्ट, एकदा तशीच आणि एकदा भुवया टेपने वर चिकटवून. दोन्ही रिपोर्टमधला फरक आम्हालाही कळला एवढा होता. हे कागद जपून ठेवा, कारण कॉस्मेटिक सर्जरी विम्यात बसत नाही, वैद्यकीय गरज आहे हे दाखवावं लागतं. आमचा क्लेम अजून क्वेरीत अडकलाय. बिलात जीएसटी धरलाय का तेही आधीच विचारा. बाबांची इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू होती, ती डॉक्टरांनी स्वतः बंद केली नाही, हार्टवाल्या डॉक्टरांचं पत्र आणायला लावलं.

ऑपरेशनच्या दिवशी मार्किंग बसवून केलं, जांभळ्या पेनने, पट्टीने मोजून, कारण आडवं झालं की भुवई आपोआप वर सरकते आणि माप चुकतं. दुपारी घरी.

आता तक्रारी, कारण आहेत. सूज दुसऱ्या दिवशी उतरून डोळ्यांखाली येते आणि काळंनिळं होतं हे कुणी धड सांगितलं नव्हतं, आई घाबरून रडायला लागली, क्लिनिकच्या व्हॉट्सअॅपला फोटो टाकला तर उत्तर संध्याकाळी आलं, तेही नॉर्मल आहे एवढंच. ड्रेसिंग समजावणाऱ्या सिस्टर इतक्या घाईत की मलम डोळ्यात घालायचं का टाक्यांवर तेच कळेना. टाके आठवड्याभरात निघाले. कपाळाला थोडी बधिरता आणि मुंग्या आल्यासारखी खाज अजून आहे, काही महिने चालेल म्हणाले आहेत. उजव्या भुवईवरचा व्रण लपलाय, डावीवर लाल रेघ जवळून दिसते, बाबांना त्याचं काही नाही, ते सिग्नल सरळ मान ठेवून बघतात आणि बामची बाटली कपाटात गेलीय.

डॉक्टरांना पाच स्टार, क्लिनिकला तीन. कुठेही गेलात तरी डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, नाहीतर डोळ्यांचे डॉक्टर असून ऑक्युलोप्लास्टीचं (पापण्या आणि डोळ्याभोवतीची प्लास्टिक सर्जरी) ट्रेनिंग घेतलंय का ते विचारा, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येते. पार्किंग शून्य, रिक्षाने जा. आणि पेशंटला बटणाचा शर्ट घाला, टाके असताना डोक्यावरून बनियन काढताना फार हाल होतात.