नऊ तबकड्या, नऊ रौप्यमहोत्सव : दादा कोंडके यांचा डीव्हीडी संच

गेल्या दिवाळीत एसटी स्थानकाजवळच्या एका दुकानात दादा कोंडके यांच्या नऊ मराठी चित्रपटांचा डीव्हीडी संच साडेसहाशे रुपयांना मिळाला. संच काढणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तिच्याविषयी पुढे फारसे चांगले लिहिता येणार नाही. वेष्टनावर ‘लागोपाठ नऊ रौप्यमहोत्सव’ असे ठळक छापले आहे आणि त्यात अतिशयोक्ती नाही. 1971 च्या ‘सोंगाड्या’पासून 1982 च्या ‘आली अंगावर’पर्यंत त्यांचे नऊ चित्रपट ओळीने 25 आठवडे चालले आणि त्या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली.

सलग यश कोणत्या नटाला लाभले, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. एक पक्ष राजेश खन्ना यांचा. पण 1969 च्या ‘आराधना’नंतर उसळलेली ती लाट जितकी उंच होती तितकीच लवकर ओसरली. दुसरा पक्ष राजेंद्रकुमार यांचा, ज्यांना साठच्या दशकात लोक ‘ज्युबिली कुमार’ म्हणत. मात्र त्यांच्या ज्युबिल्यांमागे निरनिराळे निर्माते, निरनिराळे दिग्दर्शक आणि शंकर-जयकिशन, नौशाद यांच्यासारखे संगीतकार उभे होते. दादांचे तसे नव्हते. ‘सोंगाड्या’पासून पैसा त्यांचा, बुडाला असता तर बुडणारेही तेच, आणि ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांचेच. सातत्याचा हिशेब मांडायचा तर जोखीम कोणाच्या खिशातून गेली हेही पाहावे लागते, असे माझे मत आहे, आणि तेच तपासण्यासाठी मी रोज रात्री एक याप्रमाणे नऊही तबकड्या पाहिल्या.

आधी संचाविषयी. चित्राची प्रत सुमार आहे. जुन्या पडद्याचे चौकोनी चित्र आजच्या रुंद टीव्हीवर मावावे म्हणून आडवे ताणले आहे, त्यामुळे सडसडीत माणसेही रुंद दिसतात आणि बैलगाडीची चाके अंड्यासारखी फिरतात. चौथ्या तबकडीत, म्हणजे ‘पांडू हवालदार’मध्ये, मध्यंतरानंतर आवाज ओठांच्या अर्धा सेकंद मागे पडतो, तो शेवटपर्यंत तसाच. ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधले ‘ढगाला लागली कळ’ हे गाणे, ज्यासाठी अनेकजण ही तबकडी लावतील, दुसऱ्या कडव्यावरच तोडले आहे. सर्वांत मोठा अपराध मात्र कंपनीच्या बोधचिन्हाचा. ते दूरध्वनी क्रमांकासह पडद्याच्या खालच्या भागात सतत तरंगत राहते, आणि दादा समोर उभे राहिले की नेमके त्या ढगळ अर्ध्या चड्डीच्या लोंबणाऱ्या नाडीवर जाऊन बसते. ज्या नाडीवर अख्ख्या महाराष्ट्राने हसून घेतले, ती झाकण्याचे काम सेन्सॉरला जमले नाही, ते या कंपनीने करून दाखवले.

एवढे असूनही संच पाहण्यासारखा आहे, कारण नऊ चित्रपट एका पाठोपाठ पाहिल्याशिवाय त्यांच्यातले सातत्य कशाचे आहे ते कळत नाही. लोक सहसा द्व्यर्थी संवादांचे नाव घेतात. ‘सोंगाड्या’ पाहताना ते उत्तर अपुरे वाटते. वसंत सबनीस यांनी लिहिलेला नाम्या हा आईच्या धाकात वाढलेला, तमाशाच्या नादाने घराबाहेर पडलेला भोळा मुलगा आहे. चावटपणा तो करत नाही, त्याच्या तोंडून तो निसटतो, आणि ऐकणाऱ्याच्याच मनात पाप आहे असा साळसूद चेहरा करून तो उभा राहतो. हे सोंग दादांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याच्या प्रयोगांतून घासूनपुसून आणले होते. चित्रपटाचा नायक झाले तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि तरीही तो ‘पोरगा’ लोकांनी खरा मानला.

माझे काका लालबागच्या चाळीत वाढले आणि गिरणीत होते. ते पहिल्या रात्री सोबत बसले. घरात ऐकताना एक गोष्ट मला खटकत होती, ती म्हणजे प्रत्येक टोल्यानंतर पडणारी रिकामी जागा. दादा बोलतात, डोळे मिचकावतात आणि दोन-तीन श्वास कोणीच काही बोलत नाही. काकांनी हात वर करून सांगितले, “थांब, आता बघ,” आणि संवाद यायच्या आधीच ते हसू लागले. तेव्हा ध्यानात आले की ती जागा पिटातल्या हशासाठी राखलेली आहे. रंगमंचावरचा नट हसे ओसरेपर्यंत थांबतो. दादांनी ते थांबणे चित्रपटातही कापू दिले नाही. एकट्याने पाहणाऱ्याला हा संच थोडा संथ वाटेल, तो दोष तबकडीचा नाही.

दुसरे सातत्य माणसांचे. बहुतेक चित्रपटांत नायिका उषा चव्हाण, अनेकांत आई म्हणून रत्नमाला, आणि पुढे दादांसाठी ठरूनच गेलेला महेंद्र कपूर यांचा आवाज. ‘सोंगाड्या’चे संगीत राम कदम यांचे, तर ‘पांडू हवालदार’पासून राम-लक्ष्मण या नावाने जी जोडी आली, तिला ते नावही दादांनीच दिले. त्याच चित्रपटात अशोक सराफ यांचा हवालदार पाहताना दादांचे एक औदार्य दिसते : समोरच्याला ते हशा घेऊ देतात. स्वतःच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात हे करायला जिगर लागते.

बाहेरच्या कारणांचाही वाटा होता. ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा नाकारली गेली आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसेनेने ती मिळवून दिली, ही कथा सर्वश्रुत आहे. सत्तरच्या दशकात राज्य शासनाची करपरतावा योजना आली; मराठी चित्रपटावर जमलेला करमणूक कर निर्मात्याला पुढच्या निर्मितीसाठी परत मिळू लागला. ज्याचा चित्रपट अधिक आठवडे चालतो त्याचा परतावाही मोठा, त्यामुळे एका रौप्यमहोत्सवातून पुढच्याचे भांडवल उभे राहत असे. पण पहिले तीन चित्रपट 1971 ते 1973 मधले आहेत, हे योजनेला सगळे श्रेय देणाऱ्यांनी विसरू नये.

तिकीटबारीवरचे सातत्य आणि गुणवत्तेचे सातत्य या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या लेखी ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’ आणि ‘पांडू हवालदार’ हे तीन चित्रपट भक्कम आहेत. मधले तीन गाण्यांच्या आणि हजरजबाबीपणाच्या बळावर चालतात. ‘ह्योच नवरा पाहिजे’ आणि ‘आली अंगावर’ पाहताना मात्र कंटाळा आला. शीर्षकच आधी टाळी मागते, आणि पन्नाशीच्या घरातल्या दादांच्या चेहऱ्यावरचा भोळेपणा आता ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. प्रेक्षकांनी तरीही 25 आठवडे रांगा लावल्या. ती रांग बहुधा त्या चित्रपटासाठी नव्हती, आधीच्या सात चित्रपटांची उधारी फेडण्यासाठी होती.

साडेसहाशे रुपये जास्तच आहेत. चारशेपर्यंत मिळाला तर घ्यावा, कारण नऊही चित्रपट एका ठिकाणी एरवी सहज सापडत नाहीत. घेण्यापूर्वी दुकानदाराला चौथी तबकडी लावायला सांगून मध्यंतरानंतरचा भाग जरूर पाहावा. माझ्या दुकानदाराने ती बदलून दिली, पण बदललेल्या तबकडीतही हवालदाराची शिट्टी आधी तोंडातून निघते आणि मग ऐकू येते. पहिली तबकडी काकांनी नेली आहे, आणि ती परत येईल अशी आशा मी सोडली आहे.