लीक कॉरिलेटर : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

मुंबईतील सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या कामावर मी प्रकल्प अभियंता आहे. जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांचा कोणता तुकडा आधी बदलायचा, हे ठरवण्यापूर्वी गळती नेमकी कुठे आहे ते कळावे लागते आणि त्यासाठी दीड वर्षापूर्वी आमच्याकडे लीक कॉरिलेटरचा एक संच आला. किंमत लाखांच्या घरात असल्यामुळे तो घ्यावा की नाही, असे मला इतर ठिकाणचे अभियंते विचारतात; हा अभिप्राय त्यांच्यासाठी आहे.

संचात दोन सेन्सर, हातात धरायचे मुख्य यंत्र आणि हेडफोन येतात. नळाला भोक पडले की दाबाखालचे पाणी बाहेर फुटताना आवाज करते आणि तो आवाज नळाच्या धातूतून व आतल्या पाण्यातून दोन्ही बाजूंना धावतो. दोन चेंबरमधल्या झडपांना चुंबकाने चिकटवलेल्या सेन्सरांपर्यंत तो किती वेळेच्या फरकाने पोहोचला, एवढेच यंत्र मोजते. परळच्या एका गल्लीत झडपांमधले अंतर ८४ मीटर होते, बिडाच्या नळासाठी आवाजाचा वेग सेकंदाला १,२०० मीटर धरला होता आणि दोन आवाजांत ३० मिलिसेकंदांचा फरक आला. म्हणजे ३६ मीटरचा फरक, आणि ८४ मधून तो वजा करून उरलेल्याचे निम्मे केले की जवळच्या झडपेपासून २४ मीटरवर गळती.

आम्ही २४ मीटरवर खड्डा घेतला आणि खाली माती कोरडी निघाली.

आमच्या मुकादमांनी काही न बोलता लोखंडी सळई आणली, तिचे एक टोक नळावर टेकवले, दुसरे कानाला लावले आणि जिथे जिथे नळाला पोहोचता आले तिथे ऐकत ते पुढे सरकत गेले. त्यांनी दाखवलेली जागा ३४ मीटरवर होती आणि पाणी तिथेच निघाले. पुढे कळले की, लांबच्या झडपेजवळचा १० मीटरचा तुकडा पूर्वीच्या एका दुरुस्तीत प्लास्टिकचा टाकला होता, जो नकाशात नव्हता. प्लास्टिकमधून आवाज बिडाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश वेगाने जातो, शिवाय लवकर विरतो. यंत्रात तो तुकडा वेगळा भरून पाहिल्यावर त्याने निमूटपणे ३४ मीटर दाखवले. त्यामुळे यंत्राला खोटे ठरवता येत नाही. चूक आम्ही त्याला दिलेल्या माहितीत होती. ज्यांच्याकडे नळाचे साहित्य, व्यास आणि दुरुस्त्या यांची नोंद विश्वासार्ह नाही, त्यांनी संचाआधी त्या नोंदींवर पैसे खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण पाण्याच्या वेळेची आहे. ज्या शहरांत चोवीस तास पाणी असते तिथे हे काम मध्यरात्री करतात, कारण तेव्हा वापर कमी आणि गळतीचा आवाज मोकळा असतो. आमच्या त्या पट्ट्यात पाणी पहाटे साडेचारला सुटते आणि साडेसातला बंद होते, म्हणजे नळात दाब असतो तेव्हाच प्रत्येक इमारतीची टाकी भरत असते आणि टाकीकडे जाणारे पाणीही गळतीसारखाच आवाज करते. सुरुवातीची वीसेक मिनिटे तर रिकाम्या नळातून निघणाऱ्या हवेच्या शिट्ट्याच ऐकू येतात. त्यामुळे चावीवाल्याला बरोबर घेऊन इमारतींच्या जोडण्या थोडा वेळ बंद करवून घ्याव्या लागतात, आणि ज्या सोसायटीला आधी कळवलेले नसते तिच्या वॉचमनशी रोज नव्याने वाद होतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही; ते लिहिणाऱ्याच्या नळात बहुधा पाणी कायम असावे.

बिडाच्या मध्यम व्यासाच्या नळांवर मात्र यंत्र उत्तम चालते. नोंदी तपासून काम केले तेव्हा बहुतेक वेळा गळती एक-दोन मीटरच्या आत सापडली, आणि रस्त्याची खोदाई, त्यासाठीच्या परवानग्या व खड्डा पुन्हा भरणे यांचा खर्च पाहता ती बचत मोठी आहे. मोठ्या व्यासाच्या मुख्य वाहिन्यांवर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

विक्रीपश्चात सेवेबद्दल मी असमाधानी आहे. चेंबरमध्ये साचलेले पाणी शिरून एक सेन्सर पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला. विक्रेत्याने तो ‘जलरोधक’ म्हणून विकला होता, पण पाण्यात बुडणे हमीत बसत नाही असे नंतर सांगितले आणि बदली सेन्सर यायला अकरा आठवडे लागले. खरेदीच्या करारात बुडण्याची खोली व मुदत आकड्यांत लिहून घ्यावी आणि तिसरा सेन्सर सुरुवातीलाच मागावा. प्रात्यक्षिकही विक्रेत्याच्या अंगणातल्या नळावर पाहू नये. आपल्या गल्लीत, पाणी सुटलेले असताना आणि टाक्या भरत असताना करून दाखवायला सांगावे.