मनालीसाठी पुण्यातून ‘साखळीवाली फोर बाय फोर’ बुक करताय? आधी हे वाचा

पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटने आम्हाला १८,००० रुपयांना फसवलं. आकडा ऐकून ‘एवढेच ना’ म्हणणारे नातेवाईक भेटलेत, म्हणून आधीच सांगते: त्या १८,००० रुपयांची गाडी मिळाली नाही म्हणून माझे ७६ वर्षांचे सासरे, आमचे आप्पा, अंधारात बर्फाळ उतारावर पायी चालले आणि मनगट मोडून घरी आले. पुण्याचा एजंट गिऱ्हाईक चंदीगडच्या माणसाला विकतो, तो मनालीच्या माणसाला विकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. बर्फाच्या गाडीच्या नावाखाली जे चालतं, त्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

चौघांचं पॅकेज ८६,४०० रुपयांचं होतं. ते फर्मच्या खात्यावर भरलं, रीतसर बिल मिळालं. निघायच्या आठवड्यात फोन आला. “ताई, डिसेंबर आहे. बर्फ पडला की मनालीच्या वर, सोलंगच्या पुढे साधी गाडी सोडत नाहीत. काका बरोबर आहेत, रिस्क कशाला? साखळ्या लावलेली फोर बाय फोर देतो, फक्त १८,००० जादा.” यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. बर्फवृष्टी झाली की तिथले पोलीस फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या, किंवा टायरला साखळ्या असलेल्या गाड्यांनाच वर जाऊ देतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान हजारेक गाड्या अडकल्याच्या बातम्या आम्हीही पाहिल्या होत्या. खऱ्या भीतीवर खोटा माल विकला की शहाण्यातला शहाणा माणूससुद्धा पैसे देतो.

हे १८,००० त्याने वैयक्तिक यूपीआयवर मागवले. “लोकल गाडीचं पेमेंट थेट तिकडे जातं, जीएसटीही वाचेल.” गाडीचा फोटो पाठवला, नंबरप्लेट कापलेला. आता जो तो मला विचारतो, बिल का नाही घेतलं? ज्याने ८६,४०० चं बिल बिनबोभाट दिलं, त्याच्यावर संशय कशावरून घ्यायचा होता? तरी तुम्ही घ्या. बुकिंग ज्या नावावर आहे त्याच नावाच्या खात्यात पैसे जायला हवेत. गाडीचा नंबर आगाऊ मागा आणि परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून बघा.

बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला जायच्या सकाळी हॉटेलच्या दारात जी गाडी आली, ती टू-व्हील ड्राइव्हची साधी सात सीटची. प्लेट पांढरी, म्हणजे खाजगी. टॅक्सीची प्लेट पिवळी असते, हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही कळतं. खाजगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकू शकते. बॅगा ठेवायला डिकी उघडली तेव्हा आत स्टेपनी आणि एक मळकं ब्लँकेट. साखळ्या नव्हत्या. मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “चेन सोलंग में मिल जाएगी.” रात्री डोळे मिटले की तीच उघडी डिकी समोर येते. तिथेच थांबायला हवं होतं, हे आज घरात बसून कोणीही म्हणेल. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आप्पांना दम लागत होता, मुलगी कुडकुडत होती, एजंटचा फोन लागत नव्हता आणि पूर्ण पैसे आधीच गेलेले होते. अशा वेळी कुठलं कुटुंब माघारी फिरतं? फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो पूर्ण पैसे आधी घेतो. निम्मे पैसे गाडी, प्लेट आणि साखळ्या डोळ्यांनी बघितल्यावरच द्या.

सोलंगला ड्रायव्हरने साखळ्या काही लावल्या नाहीत. “आज रोड साफ है,” म्हणाला. रस्ता खरंच मोकळा होता, नाक्यावर कोणी अडवलंही नाही. ९.०२ किलोमीटरचा बोगदा ओलांडून आम्ही सिस्सूला पोचलो. दुपारी बर्फ भुरभुरायला लागला. तिथले टपरीवाले सांगत होते, लवकर निघा. ड्रायव्हर जेवायला गेला तो चार वाजता उगवला.

आपल्याकडच्या माणसाला तिथला रस्ता कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पांढरा भुसभुशीत बर्फ दिसतो तरी. त्याहून वाईट तो न दिसणारा. दिवसा वितळलेलं पाणी ऊन डोंगराआड गेलं की डांबरावर पातळ थरात गोठतं. रस्ता नुसता ओला वाटतो. त्यावर ब्रेक मारला की चाकं थांबतात आणि गाडी पुढे जातच राहते. आणखी एक गोष्ट, जी कोणताच एजंट सांगणार नाही: फोर बाय फोर चढावर कामाची, पण उतारावर ब्रेक दाबल्यावर तीही इतर गाड्यांसारखीच घसरते. पकड साखळ्यांमुळे येते. म्हणून नुसती ‘फोर बाय फोर’ ऐकून खूश होऊ नका.

परत येताना बोगद्याबाहेर, त्याच्या तोंडाजवळच्या धुंदी या ठिकाणाकडून सोलंगकडे येणाऱ्या उतारावर, आमची गाडी तिरकी होत गेली आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात घुसली. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मी लिहीत नाही. ड्रायव्हरने आम्हाला उतरायला सांगितलं, रिकामी गाडी खाली घेतो म्हणाला. आप्पा माझा आणि नवऱ्याचा हात धरून चालत होते. पाय सटकला आणि ते हातावर पडले. शेवटी साखळ्या लावलेल्या एका स्थानिक जीपवाल्याने ७,५०० रुपये घेऊन आम्हाला मनालीत आणलं. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याने जे सांगितलं तेच केलं. एजंटचा रात्री मेसेज आला, “निसर्गापुढे कोणाचं चालत नाही, मॅडम.” पुण्यात आल्यावर आप्पांचा एक्स-रे, प्लास्टर, औषधं मिळून ११,२०० रुपये झाले.

आणि मग सरकारी दारं. मनालीत पोलीस म्हणाले, एजंट पुण्याचा आहे, तक्रार पुण्यात करा. पुण्यात आमच्या भागातल्या ठाण्यात सांगितलं, घटना हिमाचलची आहे, तिकडे करा. नवऱ्याने आवाज चढवला तेव्हा पवित्रा बदलला: “हा दिवाणी व्यवहार आहे, अर्ज देऊन जा.” अर्ज दिला तर पोच द्यायला शिक्का सापडेना. साहेब बंदोबस्तात. पुढच्या खेपेला साहेब रजेवर. प्लास्टर घातलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि वर एका हवालदाराने विचारलं, “या वयात बर्फात कशाला जायचं?” संताप होतो. या वयात त्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असा कायदा आहे का? कायदा उलट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी छापील प्रत समोर ठेवली. ती बाजूला सरकवली गेली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, ही सायबर फसवणूक नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, एजंटने ‘गाडी पुरवली होती’ असं उत्तर दिलं आणि तक्रार बंद. गाडी पुरवली म्हणे! कोणती गाडी, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही.

दरम्यान त्याने ‘साखळ्यांसह’ लिहिलेला मेसेज दोन्हीकडून डिलीट केला. नशीब, नवऱ्याने तो आधी बहिणीला पाठवला होता. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक आश्वासनाचा स्क्रीनशॉट काढा. आलेल्या गाडीचा, प्लेटचा, डिकीचा फोटो ड्रायव्हरसमोर काढा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केलंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हिमाचलला जावं लागत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आम्ही १८,०००, ७,५०० आणि ११,२०० मिळून ३६,७०० रुपये आणि आप्पांना झालेल्या त्रासाची वेगळी भरपाई मागितली आहे. पुण्यात आणखी कोणाकडून बर्फाच्या गाडीसाठी असेच वैयक्तिक खात्यावर पैसे घेतले गेले असतील, तर यूपीआयची पावती जपून ठेवा आणि मुदत संपायच्या आत दाखल करा.