पूर ओसरल्यावर नदीकाठी कोणतं मशीन: व्हीएलएफ की पल्स?

वर्धा नदीच्या काठावर पाच पावसाळे मी मेटल डिटेक्टर फिरवतोय. पहिली तीन वर्षं एका फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ मशीन होतं, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीची लहर सतत सोडणारं. आता दोन वर्षं पल्स आहे, ते थांबून थांबून झटके देतं. आमच्याकडे काम बहुतेक एकच असतं. घाटावर कुणाची अंगठी, जोडवी नाहीतर पैंजण पडलेलं असतं, ते शोधून द्यायचं.

व्हीएलएफची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. मशीन हलकं असतं, तासन्‌तास फिरवलं तरी खांदा भरून येत नाही. लोखंड आणि चांदी यांचा आवाज वेगळा येतो, त्यामुळे खणायचा त्रास वाचतो. गावाजवळच्या घाटावर ही मोठी सोय आहे. तिथे बैलांचे नाल, नालांचे खिळे, बांधकामाची तार असं सगळंच पडलेलं असतं. फक्त हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. मशीनला लोखंडाचा आवाज गाळायला लावलं की तीही गळतात.

तरी मी ते मशीन बाजूला ठेवलं, ते काळ्या रेतीपायी. आमची जमीन बेसाल्टची. पूर आला की नदी काठ कापते, दरड कोसळते, हलकी रेती वाहून जाते आणि दरडीच्या पायथ्याशी, गोट्यांच्या मध्ये, बोटभर रुंदीचा काळा पट्टा उरतो. त्यावर चुंबक फिरवा, मिशा फुटल्यासारखे कण चिकटतात. ते मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. साधी रेती पाण्याच्या अडीचपट जड, मॅग्नेटाइट पाचपट, चांदी साडेदहापट, सोनं एकोणीसपट. म्हणजे नदी जिथे काळी रेती टाकते, तिथेच अंगठीही टाकते. आणि नेमकं तिथेच व्हीएलएफ कुरकुरतं. दर दहा पावलांना ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीन तिथल्या जमिनीशी जुळवून घ्या, तरी कुरकुर थांबत नाही. सेन्सिटिव्हिटी कमी केली की मशीन शांत होतं, पण खोली जाते.

पल्सचं तसं नाही. ते झटका देतं, थांबतं आणि मग ऐकतं. काळ्या रेतीचा प्रतिसाद बहुतांशी झटक्याबरोबरच संपतो. धातूत उठलेला प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंद रेंगाळतो, तो त्याला ऐकू येतो. भाजलेली वीट किंवा एखादा लालसर दगड कधी फसवतो, पण ते क्वचित.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला बैल धुताना शेजारच्या काकांची पोवळ्याची चांदीची अंगठी पाण्यात गेली. त्यानंतर पूर येऊन गेला. कार्तिकात पाणी उतरल्यावर जुनं मशीन घेऊन त्याच उतारावर तीन फेऱ्या मारल्या. नुसती किरकिर. काका गोट्यावर बसून होते, मधूनच म्हणायचे, “राहू दे बाप्पा, गेली थे गेली.” आठवडाभराने नुकतंच घेतलेलं पल्स नेलं. पडली त्या जागेपासून वीसेक पावलं खाली, दरडीला लागून, स्वच्छ लांब आवाज आला. खुरप्याने वीतभर रेती काढली, दोन गोटे उचलले. अंगठी काळ्या रेतीत आडवी रुतली होती, पोवळं शाबूत. त्या जागेवरून मी आधी तीनदा गेलो होतो.

पल्सची किंमत द्यावी लागते, पैशात आणि कमरेतही. माझ्या मशीनला लोखंड ओळखता येत नाही. त्याच दिवशी अंगठीच्या आधी मी अकरा खिळे आणि अर्धा नाल काढला होता. ज्यांना वाकणं जमत नाही, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. शिवाय नाजूक कड्यांची सोन्याची साखळी दोन्ही मशीनांना चकवते.

कोकणात साडूकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, जुनं मशीन नेलं होतं. पावसाळी लाटांनी पुळण ओढून नेली की किनाऱ्यावर कमरेएवढी पायरी पडते आणि जड वस्तू खालच्या घट्ट थरावर जाऊन बसतात. आमच्या दरडीसारखंच. तिथेही इल्मेनाइटची काळी रेती आहे, शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओल्या रेतीत व्हीएलएफ सतत वाजत राहिलं. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन मीठ बऱ्यापैकी सावरतं म्हणतात. मी ते कधी फिरवलेलं नाही.

भंडारा-गोंदियाकडचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिथला खडक वेगळा, वैनगंगेची रेती फिकी, तिथे व्हीएलएफ कदाचित पुरेल. मात्र पवनी, कौंडण्यपूर अशा प्राचीन अवशेषांच्या जागी कोणतंच मशीन नेऊ नका. आणि कुठेही असो, गुप्तधनाच्या 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

माझ्यासारखी काळी माती आणि बेसाल्टचे गोटे तुमच्याकडे असतील, तर मी पल्सकडे झुकेन. तरी पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला आपल्याच नाल्यावर घेऊन या. काळ्या पट्ट्यात वीतभर खोल एक जोडवं पुरा आणि दोन्ही मशीनं त्याच्यावरून फिरवून बघा.