एक्स जपान: तोशीच्या आवाजासाठी कोणती गाणी, कोणत्या क्रमाने

एक्स जपान हा जपानी रॉक बँड ऐकायला घेणाऱ्यांची पहिली गफलत ठरलेली असते. कुणीतरी सांगतं, यांचं २९ मिनिटांचं एक गाणं आहे, आणि माणूस थेट ‘आर्ट ऑफ लाइफ’ लावतो. दहाव्या मिनिटाला कंटाळून बंद करतो. या बँडचा गायक तोशी याचा आवाज उंच पट्टीतला, धारदार आणि काहीसा पातळ आहे. तो कानात मुरायला वेळ लागतो, म्हणून क्रम चुकवू नये.

सुरुवात ‘कुरेनाई’पासून करा, आणि तीही १९८९ च्या ‘ब्लू ब्लड’ अल्बममधल्या. अ‍ॅपवर शोधलं की लाइव्ह धरून बरीच रूपं समोर येतात, तेव्हा अल्बमचं नाव बघूनच लावा. १९८८ च्या ‘व्हॅनिशिंग व्हिजन’वर हेच गाणं इंग्रजीत आहे, पण तिथलं ध्वनिमुद्रण कच्चं आणि आवाजही खरखरीत, ते नंतर कुतूहल म्हणून ऐकावं. ‘ब्लू ब्लड’वर गाणं संथ उघडतं, गिटारच्या सुट्या सुट्या स्वरांवर तोशी काही इंग्रजी ओळी सांभाळून म्हणतो, आणि मग ड्रम तुटून पडतात. इथे नीट कान द्या. ड्रम पळतात, दोन्ही गिटार पळतात, तोशी मात्र ध्रुवपदात स्वर ताणून धरतो, कुठेही घाई करत नाही. वेग वादकांकडे आणि चाल गायकाकडे, ही वाटणी एकदा कळली की यांची निम्मी गाणी उलगडतात.

आता ऐकायचं कशावर? नाशिक ढोलाच्या पथकाशेजारी उभं राहिलं की ठोका कानाआधी छातीत बसतो. बँडचा ड्रमवादक योशिकी याचे दोन बेस ड्रमही चांगल्या स्पीकरवर तसेच बसतात. नाशिकच्या मेन रोडवर मिळणाऱ्या मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरमधून ते खालचे ठोके जवळजवळ गायब होतात. उरतात झांजा आणि तोशी, दोघेही वरच्या पट्टीत, आणि आवाज किंचाळल्यासारखा वाटतो. दोष गायकाचा नसतो. कान झाकणारे साधे वायरचे हेडफोन पुरेसे आहेत. तरीही टोचत असेल तर इक्वलायझरमध्ये (अ‍ॅपमधली खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची सोय) ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करा. बेस बूस्ट मात्र बंदच ठेवा, कारण तो चालू असला की जलद ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. त्या काळातलं मुद्रण आजच्या गाण्यांपेक्षा कमी आवाजात वाजतं, म्हणून व्हॉल्यूम थोडा चढवावा लागतो. पुढे नवं गाणं लागणार असेल तर आधी उतरवून घ्या.

दुसरं ‘सायलेंट जेलसी’, १९९१ च्या ‘जेलसी’ अल्बमवरचं. हा अल्बम लॉस एंजेलिसला मुद्रित झाला आणि तोशीचा आवाज इथे सगळ्यात स्वच्छ लागला आहे. पियानोने सुरू होणारं हे गाणं पुढे ‘कुरेनाई’इतकंच धावतं. शिफारस करायला एकच गाणं निवडा म्हटलं तर हेच निवडावं.

मग ‘एंडलेस रेन’. पियानोवरचं संथ गाणं, वादकांची आड नाही, त्यामुळे तोशी श्वास कुठे घेतो तेही ऐकू येतं. मुखडा हळवा आहे, पण इंग्रजी ध्रुवपदात तोशी पूर्ण ताकदीने चढतो. मराठी कानाला यांचं सगळ्यात लवकर भिडणारं गाणं हेच. ‘टियर्स’ याच जातीचं, १९९३ चं, तंतुवाद्यांनी भरलेलं. गोडवा थोडा जास्त झालाय. ‘रस्टी नेल’ (१९९४) आटोपशीर आहे, सिंथेसायझरवर उघडतं, गाडीत लावायला उत्तम.

एवढं पचलं की ‘आर्ट ऑफ लाइफ’. १९९३ चं, संपूर्ण इंग्रजीत, रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत केलेलं एकच अखंड गाणं. तुकड्यांत ऐकू नका. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालात तर वाटेत सहज पूर्ण होतं. फक्त फोनवरच्या सूचना बंद ठेवा. निम्म्यावर आलं की बाकी सगळे थांबतात आणि पियानो एकटा उरतो. एक साधी धून फिरत राहते, तिच्यावर दुसरा पियानो बेसूर आदळत जातो, आणि हे कित्येक मिनिटं चालतं. फाइल बिघडलेली नाही, पुढे ढकलू नका. त्या घुसमटीनंतर बँड परततो आणि तोशी गायला लागतो, तेव्हा त्याच उंच आवाजाने हायसं वाटतं.

लाइव्ह मुद्रणं शेवटी. ३१ डिसेंबर १९९७ ला टोकियो डोममध्ये झालेला निरोपाचा कार्यक्रम आधी घ्या. पुढे २००७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, पण गिटारवादक हिदे १९९८ मध्येच वारला होता. पाचही जण एकत्र असलेला शेवटचा कार्यक्रम तो हाच.